प्रवासातले एकच भिंग

मुलांनो, इंदापूर तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण नावाचे गाव आहे. बारामतीहून एस.टी.ने निघालात तर तासाभरात तिथे पोहोचाल. भीमा नदीवर उजनी येथे मोठे धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. धरणात साठलेले पाणी मागे मागे पसरत गेले आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या शिवाराला येऊन टेकले. धरणाच्या या मागच्या पाण्याला फुगवटा म्हणतात. हिवाळ्यात या फुगवट्यावर दूरदूरचे पक्षी येतात. त्यांत सर्वांत देखणा पाहुणा म्हणजे रोहित. लांब गुलाबी पाय, लांब वळणदार मान, वाकडी चोच आणि पंख उघडले की आत लपलेला लालभडक रंग. म्हणून त्याला अग्निपंख असेही म्हणतात.

आता समजा, तुमची सहल कुंभारगावला गेली आहे. तुम्ही नावेत बसला आहात. समोर साठ मीटरवर रोहितांचा थवा उथळ पाण्यात उभा आहे. तुम्ही खिशातला मोबाइल काढता आणि छायाचित्र घेता. घरी येऊन बघता तर काय? खूप पाणी, खूप आकाश आणि मध्ये खडूच्या ठिपक्यांसारखे काहीतरी पांढरे पांढरे! डोळ्यांनी तर रोहित चांगला दिसला होता. मग छायाचित्रात तो कुठे गेला?

याचे उत्तर भिंगात आहे. ते समजून घेण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन बहिर्गोल भिंगे मागून घ्या. एकाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर आणि दुसऱ्याचे २० सेंटिमीटर असावे. वर्गाच्या खिडकीबाहेर एखादे झाड असेल. खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवा. पहिले भिंग कागदासमोर धरा आणि हळूहळू मागेपुढे करा. भिंग कागदापासून १० सेंटिमीटरवर आले की कागदावर झाडाचे स्पष्ट, पण उलटे चित्र उमटेल. आता दुसरे भिंग धरा. ते २० सेंटिमीटरवर आले की चित्र स्पष्ट होईल. दोन्ही चित्रांतील झाड पट्टीने मोजा. दुसऱ्या चित्रातील झाड पहिल्याच्या दुप्पट भरेल. (भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.)

म्हणजे नियम असा झाला. दूरच्या वस्तूचे चित्र किती मोठे पडेल, हे भिंगाच्या नाभीय अंतरावर ठरते. नाभीय अंतर दुप्पट, तर चित्र दुप्पट. पण कागद तेवढाच असेल तर त्यावर मावणारा परिसर कमी होतो. मोठे दिसावे आणि सगळे दिसावे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत.

उर्दू माध्यमातून विज्ञान शिकताना तुम्ही भिंगाला 'अदसा' म्हणता. बहिर्गोल भिंग म्हणजे 'मुहद्दब अदसा'. हा शब्द कुठून आला ठाऊक आहे का? अरबीत 'अदस' म्हणजे मसूर. मसुराचा दाणा दोन्ही बाजूंनी फुगीर असतो आणि कडेला पातळ. हुबेहूब बहिर्गोल भिंग! गंमत अशी, की लॅटिन भाषेत 'लेन्स' या शब्दाचा अर्थही मसूरच होतो. दोन वेगळ्या भाषांतील माणसांना काचेचा तो तुकडा पाहून स्वयंपाकघरातली डाळच आठवली. मराठीत आपण 'भिंग' म्हणतो आणि कॅमेऱ्याच्या दुकानात सरळ 'लेन्स' म्हणतो. या पाठात दोन्ही शब्द येतील. प्रकाशाचा विचार करताना बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैथम या शास्त्रज्ञाची आठवण ठेवायला हवी. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी त्याने प्रकाशावर मोठा ग्रंथ लिहिला. ग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून आलेल्या प्रकाशाने सूर्याचे चंद्रकोरीसारखे चित्र कसे पडते, याचाही त्याने अभ्यास केला. कॅमेऱ्याची मूळ कल्पना तीच आहे. एक अंधारी पेटी, तिला एक छिद्र आणि आत पडणारे चित्र.

आता रोहिताकडे परत येऊ. थोडे गणित करू. मान उंचावून उभा असलेला रोहित सुमारे १२०० मिलिमीटर उंच धरा. तो ६० मीटर, म्हणजे ६०,००० मिलिमीटर दूर आहे. कॅमेऱ्याच्या आत जिथे चित्र पडते, त्या पडद्याची उंची सर्वसाधारण कॅमेऱ्यात सुमारे १६ मिलिमीटर असते. भिंगाचे नाभीय अंतर १८ मिलिमीटर असेल तर पडद्यावर रोहिताची उंची भरेल फक्त ०.३६ मिलिमीटर. सुईच्या टोकाएवढी! नाभीय अंतर २०० मिलिमीटर असेल तर रोहित ४ मिलिमीटर होईल, म्हणजे पडद्याच्या चौथ्या भागाएवढा. आणि ४०० मिलिमीटर असेल तर ८ मिलिमीटर, म्हणजे अर्धा पडदा भरून टाकील. पक्षी तोच, नाव तीच, अंतर तेच. फक्त भिंग बदलले.

मग प्रश्न असा, की प्रवासाला निघताना कोणते भिंग न्यावे? १८ मिलिमीटरचे भिंग नेले तर सगळा फुगवटा, नावा, किनाऱ्यावरची बाभळ, सारे काही चित्रात येईल, पण रोहित सापडणार नाही. ४०० चे भिंग नेले तर रोहित सापडेल, पण शेजारी बसलेल्या मित्राचे छायाचित्र घ्यायचे म्हटले तर त्याचे नुसते नाकच दिसेल! दोन्ही न्यावीत, शिवाय मधले एखादे न्यावे, तर पाठीवर ओझे आणि खिशाला चाट.

या अडचणीतून झूम लेन्स जन्माला आली. एकाच काचेचे नाभीय अंतर बदलता येत नाही. पण एका नळीत काही बहिर्गोल आणि काही अंतर्गोल भिंगे मागेपुढे बसवली आणि त्यांच्यातील अंतर कमीजास्त केले, तर सगळ्यांचे मिळून होणारे नाभीय अंतर बदलते. नळीवरची कडी फिरवली की आतली भिंगे ठरलेल्या वाटेने सरकतात. पडद्यावरचे दृश्य लहानमोठे होते. १९५९ साली फोइग्टलेंडर या जर्मन कंपनीने 'झूमार' नावाची लेन्स बाजारात आणली. साध्या छायाचित्रणाच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी आलेली ती पहिली झूम लेन्स. तिची मजल ३६ पासून ८२ मिलिमीटरपर्यंत होती. म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. पुढे १९९२ साली टॅमरॉन या जपानी कंपनीने २८ ते २०० मिलिमीटरची आटोपशीर लेन्स काढली. हा सात पटींचा पल्ला होता. एकच लेन्स घेऊन घराबाहेर पडण्याची सवय लोकांना लागली ती तेव्हापासून. फिल्म गेली, डिजिटल कॅमेरे आले, तरी ही सवय गेली नाही. २०१७ साली त्याच कंपनीने १८ ते ४०० मिलिमीटरची लेन्स आणली. बावीस पटींहून अधिक! तिच्यात १६ भिंगे आहेत आणि वजन साधारण ७०० ग्रॅम. पाऊण किलो कांद्यांपेक्षाही कमी वजनात गावाची वेस आणि वेशीवरच्या झाडावरचा पोपट, दोन्ही आले.

अशा लेन्सला काही जाणकार नाके मुरडतात. सगळी कामे करणारा एकही काम धड करीत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यात थोडे तथ्य आहे. ते आपण पुढे पाहूच. पण आपल्या भागात एक दिवस हिंडून पाहिले तर या लेन्सची बाजूही समजते.

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे जाते. वाटेत काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होते. हजारो माणसे गोल करून उभी असतात, पताका फडकत असतात आणि मधल्या मोकळ्या जागेतून अश्व धावत सुटतो. तुम्ही गर्दीत उभे आहात. आधी सगळे रिंगण हवे, म्हणून १८ मिलिमीटर. तेवढ्यात अश्व समोरून येतो, त्याच्या टापांखालची माती उडते, ते हवे म्हणून १५० किंवा २००. लगेच शेजारच्या आजोबांच्या चेहऱ्यावरचा आनंद टिपायचा आहे, त्यासाठी ७०. हे सारे मिनिटभरात घडते. लेन्स काढून दुसरी बसवायला अर्धे मिनिट तरी लागतेच. तोवर अश्व फेरी पुरी करून थांबलेला असतो. शिवाय लेन्स काढली की कॅमेऱ्याचे तोंड उघडे पडते आणि आतल्या नाजूक पडद्यावर धूळ बसते. ती धूळ मग प्रत्येक छायाचित्रात आकाशावर काळ्या डागासारखी दिसते.

आपल्याकडे धुळीची काही कमतरता नाही. गळीत हंगामात माळेगाव किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहून पाहा. उसाच्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, उडणारे पाचट, बारीक माती. अशा जागी कॅमेरा उघडायचाच नाही, हा एकच फायदा मला पुरेसा वाटतो.

इथे कोणी म्हणेल, "सर, मोबाइललाही झूम असतो की! दोन बोटे पडद्यावर फाकवली की चित्र मोठे होते." बरोबर आहे, पण ते मोठे होणे निराळे. मोबाइल पातळ असतो. त्यात लांब नळी मावत नाही. म्हणून कंपन्या त्याच्या पाठीवर दोन-तीन वेगवेगळे डोळे बसवतात. प्रत्येक डोळ्याचे नाभीय अंतर बहुधा ठरलेले असते. त्याच्या पुढे बोटे फाकवली की मोबाइल चित्राचा मधला तुकडा कापून घेतो आणि ताणून मोठा करतो. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रावर भिंग धरून पाहा. चित्र मोठे दिसते, पण नवे काही दिसत नाही. नुसते ठिपके मोठे होतात. समजा, मोबाइलच्या चित्रात १ कोटी २० लाख ठिपके आहेत. दहा पट ताणले तर लांबीत दहावा आणि रुंदीत दहावा भाग उरतो. म्हणजे शंभरावा भाग. उरले फक्त १ लाख २० हजार ठिपके! बाकीची जागा मोबाइल अंदाजाने रंगवतो. म्हणून रोहिताच्या पिसांच्या जागी रंगाचे फराटे दिसतात. खऱ्या झूम लेन्समध्ये भिंगे सरकतात, त्यामुळे सगळेच्या सगळे ठिपके रोहिताच्या वाट्याला येतात.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ध्यानात घ्या. झूमची कडी हाताशी आली की माणूस आळशी होतो. तो एका जागी उभा राहतो आणि नुसती कडी फिरवतो. पण कडी फिरवणे आणि चालत जाणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

उसाच्या बैलगाड्या एकामागे एक चालल्या आहेत, असे समजा. पहिल्या गाडीच्या अगदी जवळ उभे राहून १८ मिलिमीटरने छायाचित्र घ्या. पहिल्या बैलाची शिंगे आणि नाक केवढे तरी मोठे येईल. मागची गाडी खेळण्यातली वाटेल. आता शंभर पावले मागे जा आणि २०० मिलिमीटरने घ्या. पहिला बैल चौकटीत पुरेसा मोठाच दिसेल, पण मागच्या चार-पाच गाड्या त्याला चिकटून उभ्या असल्यासारख्या दिसतील. रस्ता उसाने भरून वाहतो आहे, असा भास होईल. हा बदल लेन्सने केला, असे पुष्कळांना वाटते. खरे तर तो तुमच्या पायांनी केला. जवळ उभे राहिलात तर पहिली गाडी दोन मीटरवर आणि दुसरी दहा मीटरवर, म्हणजे पाच पट फरक. दूर गेलात तर पहिली ऐंशी मीटरवर आणि दुसरी अठ्ठ्याऐंशी मीटरवर. फरक जवळजवळ नाहीसा झाला. लेन्सने फक्त त्या दूरच्या दृश्याची चौकट भरून दिली. माणसाच्या चेहऱ्यालाही हाच नियम लागू आहे. आईचे छायाचित्र १८ मिलिमीटरने अगदी जवळून घेतले तर नाक मोठे आणि कान लहान येतात. चार पावले मागे सरका, कडी ७० च्या आसपास आणा आणि मग घ्या. आई रागावणार नाही!

इंदापूर तालुक्यातच पळसदेव नावाचे गाव आहे. उजनी धरण भरले तेव्हा जुने पळसदेव पाण्याखाली गेले. लोकांनी वर, रस्त्याच्या बाजूला नवी वस्ती केली. जुन्या गावातले पळसनाथाचे दगडी मंदिर मात्र तिथेच राहिले. धरण भरलेले असताना पाण्यावर त्याचे शिखर तेवढे दिसते. दुष्काळी वर्षी पाणी फार उतरले की सारे मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाची पातळी मृतसाठ्याच्याही खाली गेली, तेव्हा असेच झाले आणि ते पाहायला लोकांची रीघ लागली. अशा जागी जाण्याची संधी दरवर्षी येत नाही. म्हणून काय टिपायचे ते आधीच ठरवून जावे. भेगाळलेली जमीन, मागे सरकलेले पाणी आणि मधोमध मंदिर, हे एक रुंद छायाचित्र. दगडावर न चढता, खालूनच कडी फिरवून घेतलेले कोरीव कामाचे एक जवळचे छायाचित्र. आणि तिसरे, माझ्या मते सर्वांत मोलाचे. गावातले एखादे वयस्कर गृहस्थ सोबत असतील तर त्यांना विचारा, "आजोबा, तुमचे घर कुठे होते?" ते हात लांब करून दाखवतील. त्यांची परवानगी घेऊन, तो लांब केलेला हात आणि त्यापुढची मोकळी जमीन एकाच चौकटीत घ्या. मंदिराची छायाचित्रे पुष्कळांकडे आहेत. कुणाचे अंगण कुठे होते, हे सांगणारी माणसे मात्र आता थोडीच उरली आहेत.

आता या लेन्सच्या उणिवा पाहू. पहिली आणि मोठी उणीव म्हणजे प्रकाशाची. प्रत्येक लेन्सवर एक आकडा लिहिलेला असतो. नाभीय अंतराला त्या आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. आपल्या १८ ते ४०० च्या लेन्सवर ३.५ ते ६.३ असे लिहिलेले असते. १८ भागिले ३.५ म्हणजे साधारण ५ मिलिमीटर. ४०० भागिले ६.३ म्हणजे साधारण ६३ मिलिमीटर. आता ४०० लाही ३.५ च आकडा हवा, असा हट्ट धरला तर छिद्र ११४ मिलिमीटरचे लागेल. चहाच्या बशीएवढी काच! ती लेन्स गळ्यात अडकवून कोण हिंडणार? म्हणून कारखानदार तडजोड करतात. कडी लांब फिरवली की पडद्यावर पडणारा प्रकाश मंद होतो.

भर दुपारी याचा त्रास होत नाही. पण बारामतीच्या काशीविश्वेश्वर मंदिरासारख्या जुन्या दगडी वास्तूच्या आतल्या भागात, इंदापूरला दर्ग्यात दिवेलागणीच्या वेळी किंवा रात्रीच्या लग्नमंडपात ही लेन्स चाचपडू लागते. अशा वेळी ५० मिलिमीटरची साधी, न हलणारी, १.८ आकड्याची लेन्स उपयोगी पडते. झूम लेन्सवर ५० ला आकडा साधारण ५ असतो. त्या हिशेबाने साधी लेन्स साडेसात पटींहून अधिक प्रकाश आत घेते. ती लहान, हलकी आणि इतर लेन्सच्या मानाने स्वस्त असते. घरातल्या बाळाची छायाचित्रे काढणाऱ्याने झूमचा हव्यास न धरता आधी हीच घ्यावी, असे मी सांगेन.

दुसरी उणीव रेषांची. १८ मिलिमीटरला सरळ खांब कडेला किंचित बाहेर फुगलेले दिसतात. कडी पुढे नेली की तेच खांब आत वाकतात. एकाच नळीत इतका मोठा पल्ला कोंबल्याचे हे फळ. नीरा-नरसिंहपूरला नीरा आणि भीमा यांचा संगम आहे. तिथल्या घाटाच्या पायऱ्यांच्या लांब सरळ रेषांवर हा दोष चटकन दिसतो. आजचे कॅमेरे तो पुष्कळसा आपोआप दुरुस्त करतात. पण चौकटीच्या कोपऱ्यांतला थोडा भुरकटपणा उरतोच. भिंतीवर लावायला फार मोठे चित्र करायचे नसेल तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी गोष्ट हाताच्या थरथरीची. चित्र जितके मोठे होते तितकीच हाताची थरथरही मोठी होते. जुने छायाचित्रकार एक हिशेब सांगत. २०० मिलिमीटरला शटर एका सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून जास्त वेळ उघडे ठेवू नये. लहान पडद्याच्या कॅमेऱ्यात तर तीनशेवा भाग धरावा. आता पुष्कळ लेन्समध्ये थरथर सावरणारी यंत्रणा असते. आतले एक भिंग हाताच्या उलट दिशेला हलून चित्र स्थिर ठेवते. पण लक्षात घ्या, ती तुमचा हात सावरते, पक्ष्याचे पंख नाही. उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढेच उघडावे लागते. नावेत असाल तर कोपर अंगाशी घट्ट धरा आणि श्वास सोडून मग बटण दाबा.

बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. तिथे माळरानावर चिंकारा हरणे चरताना दिसतात. तिथे दुपारी बाराला जाऊन ४०० मिलिमीटरने छायाचित्र घेतले तर चिंकारा पाण्यातून पाहिल्यासारखा हलका, लहरी येतो. लोक लेन्सला नावे ठेवतात. दोष तापलेल्या हवेचा असतो. जमिनीवरून वर चढणारी गरम हवा प्रकाशाला वाकवते. कितीही महाग लेन्स आणली तरी ही हवा मधे येणारच. सकाळी लवकर जावे, हाच त्यावर उपाय.

आता भिगवणच्या नावेत परत जाऊ, कारण एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे. रोहित पाण्यात डोके उलटे घालून खातो. वाकडी चोच चिखलात फिरवून तो बारीक जीव आणि शेवाळ गाळून घेतो. खाणे इतके बारीक, की पोट भरायला त्याला तासन् तास डोके खाली ठेवावे लागते. मोबाइलवर मोठे चित्र यावे म्हणून लोक नावाड्याला म्हणतात, "अजून जवळ घ्या, अजून जवळ घ्या." नाव जवळ गेली की थव्यातील माना एकेक करून वर येतात. मग सारे पक्षी एकाच दिशेने चालू लागतात. तरीही नाव पुढे आली तर ते पाण्यावर धावत धावत उडतात. उडताना लाल पंख दिसतात, लोक टाळ्या वाजवतात. पण दिवसात अशा दहा नावा आल्या तर त्या पक्ष्यांनी खायचे कधी? आणि पक्ष्यांनी ही जागा सोडली तर हिवाळ्यातल्या पाहुण्यांवर पोट असलेल्या नावाड्यांनी काय करायचे?

आमच्या शाळेच्या सहलीत मी मुलांना एक खूण शिकवली होती. पहिली मान वर आली की हात वर करायचा आणि नावाड्याला म्हणायचे, "काका, इथेच थांबवा." लांब लेन्स असेल तर तेवढ्या अंतरावरूनही चोचीतून गळणारे पाणी टिपता येते. लेन्स नसेल तर गुलाबी थवा आणि सारा फुगवटा असे रुंद छायाचित्र घ्यावे. तेही सुंदरच येते. शांत थांबलात तर पुष्कळदा पक्षी चरत चरत स्वतःच थोडे अलीकडे सरकतात. जवळच भादलवाडीच्या तलावाकाठी चित्रबलाक झाडांवर घरटी करतात. तिथे तर झाडाखाली जायचेच नाही. पिल्ले उन्हात उघडी पडतात.

ही लेन्स विकत घ्यावी का? ती स्वस्त नाही. विद्यार्थ्याने तिच्यासाठी घरी हट्ट धरावा, असे मी म्हणणार नाही. पुण्यासारख्या शहरात कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. जुनी लेन्सही मिळते, पण ती पारखून घ्यावी. एका टोकाने मोबाइलचा दिवा दाखवून दुसऱ्या टोकाने आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती लेन्स घेऊ नका. कडी फिरवताना कुठे अडकते का, वाळू करकरते का, तेही पाहा. लेन्स खाली तोंड करून धरली की नळी आपोआप लोंबत बाहेर येते का, तेही तपासा. काही लेन्सवर नळी अडकवायची लहान कळ असते. चालताना ती लावून ठेवावी.

सहलीहून घरी आलात की आधी लेन्सवरची धूळ रबरी पंपाने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे काचेवर बसतात. मग मऊ स्वच्छ कापडाने मधून कडेकडे गोल पुसा. सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. त्यात अडकलेला मातीचा एक कण काचेवर कायमची रेघ ओढू शकतो. भिगवणच्या ओल्या हवेतून आलेली लेन्स लगेच पिशवीत कोंबू नका. थोडा वेळ सावलीत उघड्यावर ठेवा, आणि पूर्ण कोरडी झाली की घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणारी पुडी टाकून ठेवून द्या. नव्या चपलांच्या खोक्यात निघते ना, तीच पुडी चालते. पावसाळ्यात ती महिन्या-दोन महिन्यांनी बदलायची.